दोन नावांची मंडळी

शांतवन, तुला मातीत ठेवून आज अकरा दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. लोकांना वाटतं, गुरुजी सावरले. वहिनींनाही तसंच वाटतं. मी सावरलेलो नाही, मी संतापलेलो आहे. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायचं ही तुझी बोर्डिंगातली खोड. मी तावातावानं बोलत असायचो आणि तू मध्येच चूळ भरायला म्हणून उठायचास. पण तेव्हा थोड्या वेळानं परत तरी यायचास.

तुझ्या दफनाला शहरातल्या चर्चचे मोठे पाळक आले होते. बोलले छान. तू विश्वासू सेवक होतास, मेंढरांना जपलंस, आयुष्यात कधी कोणाशी वाद घातला नाहीस, असं म्हणाले. मला त्या उघड्या खड्ड्याच्या काठावर हसू फुटायची वेळ आली. तीस वर्षं तू माझ्याशी वाद घातलास. स्वर्गापासून शाळेच्या घंटेपर्यंत एक विषय सोडला नाहीस. शेवटी ते म्हणाले की आपल्या पाळकाची आध्यात्मिक आशा आता मंडळीनं पुढं न्यायची आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणती आशा, हे एकानंही विचारलं नाही. ती ठाऊक असलेला मी एकटाच तिथं होतो, आणि मी बुटांच्या टोकाकडे बघत उभा राहिलो.

दुसऱ्या गावांत पाळक नव्या वर्षाच्या सकाळी एखादं वचन देतात आणि लोक ते कपाटाच्या दाराला डकवून विसरतात. तू आशा द्यायचास. एकच, आणि तीही हातात मावेल एवढी. मोठ्या आशा देवाला करू दे, आपण आपल्या आवाक्यातली घेऊ, असं तुझं म्हणणं. उपासना सुटली की मी देवळाच्या दाराजवळच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूनं ती लिहायची, कारण अक्षर माझं बरं. वर्षभर ती तिथं असायची, नाताळाच्या आधी चुना लागला की जायची. बौद्ध वस्तीतली माणसंसुद्धा येता-जाता वाचायची आणि भिंत कोरी दिसली की तुला विचारायची, "काय साहेब, औंदा काय आशा हाय?" तुझा चेहरा तेव्हा कसा खुलायचा.

एका वर्षी तुझी आशा होती की बायांनी मंडळीत उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करावी. जानेवारीभर एक बाई उभी राहिली नाही. फेब्रुवारीत मंडळीतल्या वडीलधाऱ्या यहोशवा आबांची म्हातारी आई उभी राहिली आणि तिनं सुनेच्या सगळ्या कागाळ्या अर्धा तास देवाच्या कानी घातल्या. मी ओठ चावून बसलो होतो. तू मात्र मनापासून आमेन म्हणालास आणि नंतर मला म्हणालास की तोंड उघडलं ना, बस झालं. दुसऱ्या वर्षी तुझी आशा होती की ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी नाताळाच्या आत बोलावं. त्या वर्षी मी माझ्या चुलत भावाशी सहा वर्षांनी बोललो. तुझ्यामुळे बोललो. तो त्यानंतर चार महिन्यांत गेला. हे उपकार मी तुझ्या तोंडावर कधी मान्य केले नाहीत, कारण मान्य केले असते तर तू आणखी चढून बसला असतास.

म्हणून तर मला जास्त राग येतो. ज्याच्या आशा खऱ्या होतात त्या माणसानं शेवटची आशा अशी करावी?

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, टोचावं म्हणून सांगतो. महाराष्ट्र झाला त्याच्याही आधीपासून या गावच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर माझ्या हातात आहे. जूनमध्ये आपल्या मंडळीतले बाप पोरांना हाताला धरून यायचे आणि दारातच आवाज खाली करायचे. गुरुजी, ते आपलं तसंच लिवा. मी तसंच लिहायचो. तुझ्या बाप्तिस्म्याच्या वहीत योहान, माझ्या रजिस्टरात ज्ञानदेव. तुझ्याकडे मार्था, माझ्याकडे मंजुळा. धर्माच्या रकान्यात हिंदू, आणि जातीच्या रकान्यात ती जात, जी आपल्या आजोबांनी पाण्यात उतरून सोडली असं आपण दर रविवारी गातो. ख्रिस्ती असं लिहिलं की फी भरा, वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही. बाप्तिस्म्यानं आपली पापं धुतली गेली हे सरकारला पटत नाही, गरिबी धुतली गेली हे मात्र लगेच पटतं. आपली घरं होती तिथंच आहेत. हॉटेलात आपली कपबशी वेगळी होती ती वेगळीच आहे. एवढं असून आपण कागदावर मोठे साहेब.

कागद सरकारचा, माणूस देवाचा, असं आपले लोक म्हणायचे आणि निर्धास्त झोपायचे. मीही त्यातलाच. देव काही शाळेचं रजिस्टर तपासायला येत नाही, असं मीच एकदा तुला ऐकवलं होतं.

तपासणीचे साहेब मात्र आले. तिसरीच्या वर्गात त्यांनी मार्थाला उभं केलं आणि नाव विचारलं. पोरगी आठ वर्षांची. ती साहेबांकडे बघेना, माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, कोनतं सांगू? अठीचं का तठीचं?" वर्ग हसला. साहेबही हसले. मी घाईघाईनं सांगितलं की घरी लाडानं दुसऱ्या नावानं हाक मारतात. साहेबांना ते पटलं किंवा त्यांनी पटवून घेतलं. संध्याकाळी मी तुला हा किस्सा हसत हसत सांगितला. तू हसला नाहीस. अठी शाळेत कोणीतरी आणि तठी मंडळीत कोणीतरी, मग ती पोरगी झोपेत कोण असते, एवढंच विचारलंस. मला त्याचाही राग आला होता. तुला प्रश्न विचारायला काय जातं? जूनमध्ये त्या बापांच्या डोळ्यांत तुला बघावं लागत नाही.

आख्ख्या मंडळीत एकाच नावाचं घर एकच होतं, तुझं. तुझ्या एस्तेरला शाळेत घालायला तू स्वतः आलास. मी टाक हातात धरून तुझ्याकडे पाहिलं. म्हटलं, अजून वेळ आहे. तू म्हणालास, लिही, एस्तेर शांतवन, ख्रिस्ती. मी लिहिलं. रकान्यात एवढं ठळक अक्षर मी पुन्हा कधी काढलं नाही, रागानं काढलं होतं.

माझ्या लिदियाचं नाव त्याच पानावर, दोन ओळी खाली, लीला असं आहे. माझी बायको बाळंतपणात गेली तेव्हा लिदिया नऊ दिवसांची होती. वहिनींनी तिला उचलली आणि एस्तेरबरोबर अंगावर पाजली. एकीकडे ही, एकीकडे ती. दहा महिने. मी रात्रशाळेतल्या पोरासारखा तुझ्या ओट्यावर खाली मान घालून बसायचो आणि तू माझ्याशी मुद्दाम भांडण उकरून काढायचास, मला बोलतं ठेवायला. त्या दहा महिन्यांचं ऋण माझ्या अंगावर आहे आणि मी ते कसं फेडलं ते तुला माहीत आहे. दोघी एकाच वर्षी फायनलची परीक्षा पास झाल्या. एस्तेर केंद्रात पहिली. लिदिया कशीबशी. दोघींनी मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी बुलढाण्याला अर्ज केले. लीला सवलतीत बसली. एस्तेर कुठंच बसली नाही. आता लिदिया तिथं वसतिगृहात राहून धडे काढते आहे आणि एस्तेर दोन वर्षं लोकांच्या शेतात खुरपणीला जाते आणि रविवारी मंडळीतल्या पोरांची शब्बाथशाळा घेते. तिच्याएवढं चांगलं शिकवणारं माणूस मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही. तू पाहिलं होतंस का, शांतवन? का तुला फक्त तिची साक्ष दिसत होती?

मग तो गुरुवार. शाळा सुटली होती. तू सायकल भिंतीला टेकवून पायरीवर बसलास आणि म्हणालास, "दानिएल, पुढल्या सालाची आशा ठरली. आपल्या मंडळीत कोनाचीच दोन नावं नसावी. जे माह्या वहीत, तेच तुह्या वहीत."

मी आधी हसलोच. हे मी भिंतीवर लिहू? म्हणजे माझी नोकरी गेली आणि पोरांच्या सवलतीही गेल्या. तू म्हणालास की भिंतीवर नको लिहूस, पण मंडळीत मी बोलणार. तू बौद्ध वस्तीचं उदाहरण दिलंस. त्यांनी उघड बौद्ध म्हणून लिहिलं, सवलत गेली तरी लिहिलं, आणि शेवटी सरकारला ती द्यावी लागली. मी म्हटलं, ते लाखांनी आहेत, आपण चाळीस घरं. आपण नावं बदलली तर मुंबईच्या सरकारात कोणाच्या नाकावरची माशीही हलणार नाही. तू म्हणालास की आपल्या आजोबांना गाव नावानं हाक मारत नव्हतं, मंडळीत त्यांना नाव मिळालं, आणि आता तेच आपण चोरीच्या मालासारखं लपवतो. बोलत होतास शांत. तुझा तो शांतपणा नेहमी माझं डोकं फिरवतो.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "तुह्या आशेची किंमत तुही पोर भरून राह्यली. तिले कधी इचारलं तू?"

तू वाकून सायकलचं चाक एकदा फिरवलंस. मग म्हणालास की विचारलं होतं. जागा गेल्याचं कळलं त्याच दिवशी विचारलं होतं. दाखला बदलून घेऊ का, असं तूच तिला म्हणाला होतास, आणि ती नको म्हणाली होती.

हे मला नवीन होतं. तू, शांतवन, तूही एक दिवस डगमगला होतास आणि मला दोन वर्षं त्याचा पत्ता लागू दिला नाहीस. मला तिथंच थांबता आलं असतं. पण जिभेला हाड नसतं. मी म्हणालो, "ते पोरगी तुह्या तोंडाकडं पाहून नोको म्हनली. त्याले इचारनं म्हनत नाही."

तू उठलास. पँटला सायकलची क्लिप लावलीस आणि गेलास. त्याच संध्याकाळी थंडीत उंद्रीला कोणा आजाऱ्याला भेटायला गेलास, तिथून कणकण घेऊन आलास, आणि छातीत कफ धरला. वहिनींनी निरोप पाठवला. मी दुसऱ्या दिवशी आलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, तूच येशील, खोकत खोकत, आणि पायरीवर बसून पुढचं बोलशील. चौथ्या दिवशी आलो तेव्हा तू ओळखत नव्हतास. माझ्या ताठ्यानं माझे तीन दिवस खाल्ले. हा राग तुझ्यावरचा नाही, पण तो ठेवायला दुसरी जागा नाही.

नाताळ झाला. गाणी म्हटली गेली, करंज्या वाटल्या गेल्या. रविवारी यहोशवा आबा आणि पंच माझ्याकडे आले. नवा पाळक फेब्रुवारीत येणार, तोवर नव्या वर्षाची उपासना गुरुजींनी घ्यावी, आणि पाळकसाहेबांशी शेवटचं बोलणं गुरुजींचं झालं तेव्हा त्यांची आशाही त्यांनीच सांगावी, असं त्यांचं ठरलं होतं. जाताना आबा मागं वळले. "गुरुजी, आशा सांगजा, पन सोपी सांगजा. लोक दुःखात हायेत." आबांच्या तिन्ही नातवांची दुसरी नावं मी ठेवलेली आहेत. आबांना काहीतरी वास लागला असणार. आपले लोक भोळे आहेत असं तुला वाटायचं, ते तेवढे भोळे नाहीत.

आणि काल दुपारच्या सुट्टीत एस्तेर शाळेत आली. पाळकघर जानेवारीअखेर रिकामं करायचं आहे, तुला तर ठाऊकच आहे, ते घर मंडळीचं. ती आणि वहिनी वडनेर भोलजीला तिच्या मामाकडे जाणार. मामाचीच सहा तोंडं. तिनं तिचा जुना दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाली की जूनमध्ये ट्रेनिंगच्या जागा निघतील, तेव्हा हा बदलून पाहिजे. लिदियाचा आहे तसा.

मी काय म्हणालो असेन असं तुला वाटतं? मी तुझी बाजू घेतली. माझीच जीभ, पण बोलणं तुझं. म्हटलं, बापानं विचारलं तेव्हा तू नको म्हणाली होतीस.

तिनं डोळे पुसले नाहीत, खाली पाहिलं नाही. "बाबानं इचारलं व्हतं, काका. मी बाबाकडं पाहून नोको म्हनलं. आता बाबा नाही. मंग ते नोको कोनासाठी जपून ठेवू?"

मी जिंकलो, शांतवन. त्या गुरुवारचं भांडण मी जिंकलो, माझं प्रत्येक अक्षर खरं निघालं. या जिंकण्याचं करायचं काय, ते सांगायलाही तू इथं नाहीस. मी वर्गाचं दार लोटलं आणि रजिस्टर काढलं. ते ठळक अक्षर पात्यानं खरवडायला वेळ लागला, कागद पातळ झाला. एस्तेरला विचारलं, नाव कोणतं लिहू. ती म्हणाली, तुम्हीच ठेवा, बाकी सगळ्यांचं तुम्हीच ठेवलं. मी सुमन लिहिलं. धर्म लिहिला, जात लिहिली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. इतक्या वर्षांची सवय आहे.

मग बापाच्या नावाचा रकाना आला.

शांतवन असं तिथं ठेवता येत नव्हतं. ते नाव वाचलं की कारकुनालाही कळतं हे ख्रिस्ती माणसाचं घर. तुझं जुनं नाव लिहावं म्हटलं तर तुला जुनं नाव नव्हतंच, तू जन्मल्यापासून शांतवन. मी एस्तेरकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, मला मोकळीक द्यावी म्हणून. मी किसन लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि नवा दाखला तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला, घडी घातली, आणि माझ्या पाया पडून गेली. तिला अडवायचंही मला सुचलं नाही.

उद्या नव्या वर्षाच्या सकाळी मी तुझ्या जागी उभा राहणार आहे. सोपी आशा सांगणार नाही. तू त्या पायरीवर जशी बोललास तशीच, शब्द न शब्द, सांगणार आहे, आणि ती तुझी आहे असं सांगणार आहे. सगळे आमेन म्हणतील. कोणी माझ्याकडे बघणार नाही. आणि जूनमध्ये तेच बाप पोरांचे हात धरून दारात येतील, तेव्हा मी त्यांना परत पाठवणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. तू खोटं बोलत होतास असं मी कधीच म्हटलं नाही. तू खरं बोलत होतास आणि ते खरं आपल्याला परवडत नव्हतं, एवढंच मला त्या गुरुवारी सांगायचं होतं, आणि मी भलतंच बोललो.

आपल्या मंडळीत एकाच नावाचं एक घर उरलं होतं, शांतवन. ते मी काल संपवलं. ऊठ आणि भांड माझ्याशी.